'क्रिमसन लेक'मधली लाख

जलरंगांच्या खोक्यातल्या एका नळीवर 'क्रिमसन लेक' असे नाव छापलेले असते. चित्रकलेच्या परीक्षेला बसणारी पोरे ते रोज वाचतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना 'लेक' म्हणजे तळे वाटते. तळ्याचा इथे काही संबंध नाही. हा 'लेक' म्हणजे लाख. पार्सलावर मोहोर करायला, बांगड्या घडवायला, सोन्याच्या पोकळ दागिन्यात भरायला वापरतात तीच लाख. आणि 'क्रिमसन' म्हणजे आपला किरमिजी. चार बोटांच्या नळीवरच्या या दोन शब्दांपैकी एकही मुळात इंग्रजी नाही. दोन्ही पूर्वेकडून चालत गेले आणि दोन्हींच्या मुळाशी किडा आहे.

लाखेपासून सुरुवात करू. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांना चिकटतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच करतो. असे हजारो किडे एकमेकांना खेटून बसले की फांदीवर खरबरीत तांबूस पुटे चढतात. ती खरवडून, कुटून पाण्यात धुतली की पाणी लालभडक होते. उरलेली राळ वितळवून तिचा चपडा करतात, तो सुताराच्या पॉलिशला जातो. रंगाऱ्याचा माल मात्र त्या धुवणात असतो.

कापड रंगवायचे तर हे पाणी पुरते. चित्रकाराला पाणी नको, पूड हवी. म्हणून त्या लाल पाण्यात तुरटी विरघळवायची आणि मग बेताबेताने खार सोडायचा. पाणी फसफसते, गढूळ होते, आणि जरा वेळाने रंग तुरटीतून सुटलेल्या पांढऱ्या साक्याला धरून तळाशी बसतो. वर निवळ पाणी, खाली लाल गाळ. तो फडक्यात गाळून सावलीत वाळवला की डिंकात वा तेलात खलायला पूड तयार. इटलीतल्या चित्रकारांनी या पुडीला 'लाक्का' म्हटले, फ्रेंचांनी 'लाक', इंग्रजांनी 'लेक'. नाव लाखेवरून पडले, पण पुढे ते कृतीला चिकटले. मंजिष्ठेच्या मुळांचा रंग असा साक्यावर बसवला तर तोही 'लेक', आणि पिवळ्या फुलांचा बसवला तर तोही 'लेक'. आजच्या विद्यार्थ्यांच्या नळीत लाखेचा कणही नसतो, कारखान्यात तयार झालेला रंग असतो. नाव तेवढे टिकले आहे.

संस्कृतात या लाखेची नावे बघण्यासारखी आहेत. अमरकोशात लाक्षा, राक्षा, जतु, याव, अलक्त आणि द्रुमामय अशी नावे एका ओळीने दिली आहेत. द्रुमामय म्हणजे झाडाचा आजार. नाव देणाऱ्याने फांदी किती जवळून पाहिली असेल! रंगाचे, चिकटपणाचे, उपयोगाचे असे कुठलेच नाव त्याने दिले नाही. झाडाच्या बाजूने विचार केला. जतु हे नाव महाभारताने अमर केले, कारण पांडवांना जाळायला बांधलेले घर म्हणजे जतुगृह, आपण लाक्षागृह म्हणतो ते. अलक्तापासून मराठीत अळता आला, त्याला अळिताही म्हणत. पायाला लावायचा लाल रंग तो हा. लाखेच्या रंगात कापसाचा बोळा भिजवून वाळवून ठेवायचा, हवा तेव्हा ओला करून पावलाच्या कडेने फिरवायचा. असाच बोळा चितारीही बाळगत, कारण कापसात मुरलेला रंग पाण्याच्या थेंबाने पुन्हा जागा होतो. अळता महाराष्ट्राच्या बोलण्यातून जवळजवळ गेला. आता तो भरतनाट्यमच्या वर्गात 'आल्ता' होऊन, बंगाली-हिंदीच्या वाटेने परत आला आहे. मुली बाटलीतला आल्ता तळहातावर गोल काढतात आणि घरच्या जुन्या शब्दाची त्यांना ओळख नसते. मला याची चुटपुट लागते.

'लाक्षा' हा शब्द कुठून आला? लोक झटकन सांगतात की लाखो किडे असतात म्हणून लाख. ही जुळणी कानाला गोड आहे, म्हणूनच तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. कोशाने शेजारी ठेवलेला 'राक्षा' हा पर्याय मला जास्त बोलका वाटतो. र आणि ल यांची अदलाबदल संस्कृतात नवी नाही, आणि र घेतला की आपण रक्त, राग, रंजन या घराण्याच्या दारात जाऊन पोहोचतो. अभ्यासकांत यावर एकमत नाही. पण संख्येपेक्षा रंगावरून नाव पडणे मला पटते.

आता दुसरा किडा. भूमध्य समुद्राच्या काठी ओकच्या एका काटेरी जातीवर वाटाण्याएवढे गोल किडे चिकटलेले असतात. ते वाळवले की धान्याच्या दाण्यासारखे दिसतात, इतके की ग्रीकांनी त्यांना दाणाच म्हटले. अरबांनी त्यांना 'किरमिझ' म्हटले. या नावाच्या मुळाशी फारसी 'किर्म', म्हणजे किडा, आणि 'किर्म' हा आपल्या 'कृमी'चा सख्खा भाऊ. काही कोशकार तर किरमिझमध्ये संस्कृत 'कृमिज' हा शब्द आख्खाच पाहतात. अरबीतून हे नाव युरोपात गेले आणि त्याचे 'क्रिमसन' झाले, 'कार्माइन' झाले. आपल्याकडे ते फारसीबरोबर उतरले आणि किरमिज, किरमिजी झाले. डॉक्टर पोटातले कृमी म्हणतात आणि शालू नेसलेली बाई किरमिजी पदर म्हणते, तेव्हा दोघांच्या तोंडी एकच धातू फिरत असतो.

हा किडा जिथे जिथे गेला तिथे त्याने लाल रंगाचे नावच बळकावले. चेक भाषेत लाल म्हणजे 'चेर्वेनी', पोलिशमध्ये 'चेर्वोनी', आणि दोन्हींच्या पोटात किड्याचा शब्द आहे. पोलंडमध्ये गवताच्या मुळांवर मिळणारा रंगकिडा जूनमध्ये गोळा करत. तिथे जून महिन्याचे नावही याच शब्दावरून आहे. आर्मेनियन 'कार्मिर' म्हणजे लाल, तोही याच कुळातला. लॅटिनचा किडा दुसऱ्या मुळातला: 'वर्मिस', त्याचे लाडके रूप 'वर्मिक्युलस'. त्यावरून पोर्तुगीज 'व्हेर्मेल्यु' म्हणजे लाल. गोव्यात पोर्तुगीज शिकलेली पिढी हा शब्द अजून सहज वापरते. आणि त्याच लॅटिन किड्यावरून फ्रेंच-इंग्रजी 'व्हर्मिलियन' झाले. या शब्दाने पुढे वेगळेच वळण घेतले, त्याकडे येतोच.

आपल्या भाषेने मात्र लाल रंगाचे नाव किड्यावरून घेतले नाही. 'रक्त' हा शब्द पाहा. रञ्ज् म्हणजे रंगवणे. त्याचे भूतकाळी रूप रक्त, म्हणजे रंगवलेले. रंगवलेले म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे अंगातले रक्त. रंग, राग, रंजन, अनुराग, विरक्त ही सगळी त्याच धातूची पिलावळ. संस्कृत बोलणाऱ्याला रंगवलेले आणि लाल यांत फरकच वाटला नाही! स्पॅनिशमध्येही असेच झाले आहे. तिथे 'कोलोरादो' म्हणजे शब्दशः रंगीत, आणि प्रत्यक्षात लाल. याचे कारण भाषेइतकेच रंगशाळेतही शोधायला हवे. टिकाऊ, भरघोस, उठून दिसणारा रंग म्हटला की जुन्या जगात तो बहुधा लालच असे: मंजिष्ठेचा, लाखेचा, किरमिजाचा. आणि गंमत अशी की मंजिष्ठा ही वनस्पती आणि बाकीचे दोन किडे, तरी तिघांच्या रंगद्रव्यांची रासायनिक ठेवण एकाच घराण्यातली निघाली. रसायनशास्त्र त्याला अँथ्राक्विनोन म्हणते. मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतला अलिझरिन हा रंग १८६८मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला, आणि काही वर्षांत युरोपातली मंजिष्ठेची शेते ओस पडली.

किरमिजाचीही गादी त्याआधीच हलली होती. स्पॅनिश लोक मेक्सिकोत पोहोचले तेव्हा तिथल्या बाजारात निवडुंगावर वाढवलेला एक किडा विकायला होता. स्थानिक नावाचा अर्थ साधारण 'निवडुंगाचे रक्त' असा होई. हा कोचिनील. एका पौंडाला सुमारे ७० हजार किडे लागत, तरी जुन्या किरमिजापेक्षा त्याचा रंग कितीतरी जोरकस. युरोपातल्या रंगाऱ्यांनी आणि चितारींनी तो उचलून धरला. ईस्ट इंडिया कंपनीलाही हा धंदा हवा होता. १७९५मध्ये ब्राझीलहून किडे भारतात आणले गेले; पण आला तो खरा कोचिनील नव्हताच, त्याचा रानटी चुलतभाऊ होता. त्याने रंग काही चांगला दिला नाही, फड्या निवडुंग मात्र फस्त केला. मराठीला या नव्या किड्यासाठी शब्द घडवावा लागला नाही. किरमिज हा शब्द तयारच होता, तोच याला लागू झाला. पदार्थ बदलला, नाव तेच. लाल रंगांच्या बाबतीत हे इतक्यांदा घडते की यालाच नियम म्हणावे.

व्हर्मिलियनचे तर पाहायलाच नको. नाव पडले किड्यावरून आणि जाऊन चिकटले पाऱ्याला. मध्ययुगात हा शब्द पारा आणि गंधक यांच्या लाल संयुगाला रूढ झाला. आपल्याकडे त्याचे नाव हिंगूळ. खाणीतून निघणारा हिंगूळ जड असतो, खड्यात चमक असते, आणि फोडला की आत गडद लाल. संस्कृतात त्याला दरद असेही म्हणत. काश्मीरच्या पलीकडे राहणाऱ्या दरद लोकांचे नाव आणि हे नाव एकच, म्हणजे माल कुठून येई याचा पत्ताच नावावर लिहिलेला. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चितारीच्या रंगांमध्ये दरद, अलक्तक आणि गैरिक हे लाल वेगवेगळे सांगितले आहेत. खनिज, किडा आणि माती. तिघांचा लाल तीन तऱ्हेचा, आणि कुठे कोणता वापरायचा याचे भान पक्के.

हिंगूळ चित्रात घालायचा तर मेहनत फार. खडा खलात घालून लिंबाच्या रसात घोटायचा, पाण्याने धुवायचा, वर आलेले मळकट पाणी ओतून द्यायचे, पुन्हा घोटायचा. सुरुवातीला खलात काळपट, विटकरी चिखल दिसतो. जसजसे कण बारीक होतात तसतसा रंग उजळतो, आणि शेवटी बत्त्याच्या टोकाला जास्वंदीसारखा तेजस्वी लाल लागतो. मग डिंकाचे पाणी. इटलीत सन १४००च्या सुमारास चित्रकारांसाठी पुस्तक लिहिणारा चेन्निनो चेन्निनी सांगतो की हा रंग रोज घोटत वीस वर्षे घालवली तरी तो चांगलाच होत जाईल. त्याचा दुसरा सल्ला अधिक व्यवहारी आहे: पूड विकत घेऊ नका, खडाच घ्या, कारण पुडीत शेंदूर किंवा विटेची भुकटी मिसळलेली असते. बाजार सगळीकडे सारखाच.

हिंगुळाचा एक दोष रोमन लोकांना भोवला. व्हिट्रुव्हियसने आपल्या वास्तुग्रंथात फाबेरियस नावाच्या लेखनिकाची हकिकत दिली आहे. या गृहस्थाने रोममधल्या अव्हेंटाइन टेकडीवरच्या घरात अंगणाभोवतीच्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या. महिनाभरात उन्हाने त्या काळवंडल्या, डाग पडले, आणि त्याला रंगाऱ्यांना पुन्हा बोलावून दुसरे रंग द्यायला लावावे लागले. उजेडात हिंगूळ काळा पडतो. बंद खोलीत, किंवा पोथीच्या मिटलेल्या पानात, तो शतकानुशतके टवटवीत राहतो. जैन पोथ्यांच्या समासातल्या हिंगुळी रेघा आजही पान उलटताच डोळ्यांत भरतात, त्याचे कारण हेच.

आपल्या वैद्यांनी हिंगूळ उलट्या वाटेनेही वापरला. तो डमरुयंत्रात तापवून त्यातून पारा काढायचा, आणि पारा-गंधक एकत्र करून पुन्हा लाल द्रव्य बनवायचे. या दुसऱ्या द्रव्याचे नाव रससिंदूर. रस म्हणजे पारा, ते ठीक. पण त्यात शिसे औषधालाही नाही, मग सिंदूर कसा? इथेही रंग पाहून नाव दिले गेले.

कारण खरा सिंदूर शिशाचा. संस्कृत कोशांत त्याला नागसंभव म्हटले आहे, आणि नाग म्हणजे इथे शिसे. शिसे भट्टीत भाजत राहिले की आधी पिवळट भुकटी होते आणि मग नारिंगीकडे झुकणारा लाल. नाव ठेवणाऱ्याला ही कृती ठाऊक होती, हे त्या एका शब्दावरून कळते. दुसरे नाव चीनपिष्ट, चीनचे पीठ. कृती घरची असली तरी माल चीनहूनही येई, असे हे नाव सांगते.

सिंदूरचा शेंदूर होणे हे मराठीच्या स्वभावाला धरून आहे. इ-ईच्या आधीचा स मराठीच्या जिभेवर श होतो: सीमेची शीव, सिंचनाचे शिंपणे, सीवनाचे शिवणे. तसाच सिंदूरचा शेंदूर. पण अर्थाच्या बाबतीत मराठीने हिंदीहून वेगळी वाट धरली. उत्तरेत सिंदूर बाईच्या भांगात बसला. महाराष्ट्रात शेंदूर देवाचा: मारुतीचा, गणपतीचा, म्हसोबाचा, वेशीवरच्या दगडाचा. बाईच्या कपाळी कुंकू. आणि या कुंकवाचीही तीच गत आहे, कारण संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. आपले कुंकू मात्र हळदीला खार लावून लाल केलेले. केशर गेले, नाव हळदीला मिळाले. 'दगडाला शेंदूर फासला की देव होतो' हे आपण टोचून बोलतो, पण शेंदराचा थर प्रत्यक्षात काय करतो ते वणीला दिसले. सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान्पिढ्या चढत गेलेला शेंदराचा जाड लेप २०२२मध्ये संवर्धनासाठी उतरवला, तेव्हा आत कोरलेले मूळ रूप लोकांनी प्रथमच पाहिले. तेलात कालवलेल्या शेंदराने मूर्ती झाकलीही होती आणि जपलीही होती.

शेंदराला लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणतात, पण तेही त्याचे स्वतःचे नाव नव्हे. रोमन लोकांचा मिनियम म्हणजे स्पेनच्या खाणीतला हिंगूळ. तो महाग, म्हणून व्यापारी त्यात शिशाचा स्वस्त लाल मिसळत. मिसळता मिसळता भेसळीच्या मालानेच नाव खिशात घातले, आणि मिनियम म्हणजे शेंदूर झाला. या मिनियमने पोथीतली ठळक अक्षरे, वेलबुट्टी आणि चित्रे रंगवण्याच्या कामाला इटालियनमध्ये 'मिनिआतुरा' हा शब्द पडला. पोथीतले चित्र, शेंदराने काढलेले, एवढाच त्याचा अर्थ. आकाराशी त्याचा काहीही संबंध नव्हता. पण पोथीचे पान ते केवढे! चित्रे लहानच असायची. वरून लॅटिनमध्ये लहान या अर्थाचे 'मिनिमस' वगैरे शब्द कानाला जवळचे. हळूहळू लोकांनी 'मिनिएचर' म्हणजे छोटे असे धरून चालायला सुरुवात केली. मग छोट्या मूर्ती, छोट्या मोटारी, छोटे कुत्रे, सगळेच मिनिएचर झाले.

आणि आपण? आपण त्या चुकीचेच भाषांतर केले: लघुचित्र. राजस्थानी लघुचित्रे, पहाडी लघुचित्रे, दख्खनी लघुचित्रे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या निजामशाहीतली 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही सचित्र पोथी आहे, सोळाव्या शतकातली. तिच्या चित्रांनाही आपण लघुचित्रे म्हणतो. शेंदूर पूर्ण गळून गेला आणि एका ध्वनिसाम्यातून जन्मलेले 'लघु' उरले. शब्द रुळला आहे, तो आता हलणार नाही, हे मला मान्य आहे. तरी पोथीतल्या चित्राला पोथीचित्र म्हणावे असे मला मनापासून वाटते. त्या चितारीने लहान चित्र काढायचे म्हणून काढले नाही. पोथीचे पान रंगवले.

पोथीचा विषय निघालाच आहे तर एक पिवळा रंग मध्येच येऊ देतो. लेखनिकाकडून चूक झाली की तो त्या अक्षरांवर हरताळ फासत असे. हरताळ म्हणजे गंधक आणि सोमल यांचे पिवळे खनिज; पिवळसर कागदावर त्याने चूक झाकली जाई आणि त्यावरच पुन्हा लिहिता येई. 'नियमांना हरताळ फासला' हा वाक्प्रचार तिथून आला. संपाच्या हरताळाशी याचा संबंध नाही. तो हाट बंद ठेवण्याचा, गुजरातीच्या वाटेने आलेला. लेखनिकाच्या हाताशी मग तीन द्रव्ये: काजळाची शाई, चुकीसाठी हरताळ, आणि 'उवाच'सारखे शब्द, अध्यायाचा शेवट, दंड हे उठून दिसावेत म्हणून हिंगूळ किंवा गेरू.

रोमन लेखनिकही हेच करत. त्यांच्या लाल मातीचे नाव 'रुब्रिका'. कायद्याच्या पोथीत प्रकरणाचे शीर्षक लाल मातीने लिहीत, म्हणून शीर्षकच 'रुब्रिका' झाले. पुढे त्याचा अर्थ नियम, सूचना असा पसरला. आज आपल्याकडचे शिक्षक प्रकल्पाला गुण देण्यासाठी 'रुब्रिक्स'चा तक्ता भरतात. मुळात तो तक्ता म्हणजे गेरू!

गेरूचे आपले नाव त्याहून सरळ. गिरी म्हणजे डोंगर, डोंगरातला तो गैरिक, त्याचा गेरू. लोखंडाच्या गंजाने लाल झालेली माती. माणसाने हाती घेतलेल्या रंगांत सर्वांत जुना हाच. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत एक लाख वर्षांपूर्वीचे शिंपले सापडले, त्यांत गेरू कालवल्याच्या खुणा आहेत, शेजारी वाटायचे दगड. भीमबेटकाच्या ज्या गुहा विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७मध्ये जगासमोर आणल्या, तिथले शिकारी आणि गवे पुष्कळसे गेरूचे. अजिंठ्याच्या लेण्यांतला लालही गेरूचाच. किरमिज उडतो, हिंगूळ काळवंडतो, शेंदूरही ओल्या भिंतीवर काळपट पडतो. गेरू मात्र आधीच गंजलेला आहे. हवा, ऊन, चुना यांना त्याचे आणखी काही बिघडवता येत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिलने विलायती तैलरंगांत केल्या, त्यांतल्या बहुतेक १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५मध्ये लंडनलाच जळाल्या. लेण्यांतला गेरू जागेवर आहे.

वारली घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे चित्र उठते तेही गेरूने सारवलेल्या भुईवर. तुळशीवृंदावनाला, चुलीला, दाराच्या उंबऱ्याला, दिवाळीच्या आधी अंगणातल्या रांगोळीच्या चौकोनाला गेरू लागतो. किराणा दुकानात खडा मिळतो, पाण्यात टाकला की विरघळतो, चिंधीचा बोळा केला की झाले.

रोजच्या बोलण्यात मात्र हे सगळे लाल एका 'लाल'मध्ये गोळा झाले. लाल हा फारसीतून आला. तिथे 'लअल' म्हणजे बदख्शानच्या खाणींतला माणकासारखा तांबडा खडा, आणि मराठीतही लाल म्हणजे रत्न असा अर्थ होता. जुना मराठी शब्द तांबडा, तांब्यावरून आलेला. तांबडी माती, गव्हावरचा तांबेरा, तांबडा रस्सा, तांबडे फुटणे इथे तो पाय रोवून उभा आहे. कुणी 'लाल फुटले' म्हणत नाही. किरमिजी, शेंदरी, गेरवा, हिंगुळी, मंजिष्ठी, डाळिंबी हे शब्द साडीच्या दुकानातल्या जुन्या गुमास्त्याला अजून येतात. तरुण विक्रेता 'मरून' आणि 'रेड' एवढ्यावर भागवतो. पण 'मरून'सुद्धा फ्रेंच चेस्टनटचे नाव आहे, आणि आपल्या पैठणीतल्या लालांचे त्याने भागत नाही.

कोकण-गोव्यात गेरूखेरीज एक शब्द आहे, काव. जांभ्याच्या मुलखातली लाल माती म्हणजे काव, आणि तिच्यावरून भिंतीवरच्या चित्रकलेला कावी हे नाव. गोवा, कारवार आणि दक्षिण कोकणातल्या जुन्या देवळांत ती दिसते. भिंतीवर चुन्याचा गुळगुळीत पांढरा गिलावा करायचा, त्यावर चुन्यात कालवलेल्या कावेचा थर चढवायचा, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोच्याने खरवडून आतले पांढरे वर आणायचे. मग गुळगुळीत गोट्याने घोटायचे. फुले, मोर, गणपती, दशावतार, सगळे दोनच रंगांत. कन्नड-मल्याळममध्ये संन्याशाच्या वस्त्रालाही कावीच म्हणतात, म्हणजे हा शब्द सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आणि खाली केरळपर्यंत मातीसारखाच पसरलेला आहे. मराठी कोश काव म्हणजे गेरू एवढाच अर्थ देऊन मोकळे होतात. कोशाच्या पुढच्या आवृत्तीत त्याच्यापुढे कावी चित्रांचा, टोच्याचा आणि गोट्याचा उल्लेख यावा, एवढी मागणी मी करतो.